डुकराच्या रंगाची पोर्शे आणि माशाच्या रंगाची कॉर्व्हेट

मागचं_चाक (धागाकर्ता)

जून १९७१, फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची शर्यत. पोर्शेच्या ९१७ गाड्यांच्या गर्दीत एक गाडी नखशिखान्त गुलाबी आहे. अंगावर लाल तुटक रेषा, आणि त्या रेषांनी पाडलेल्या तुकड्यांवर जर्मन भाषेत शब्द: मुस्कट, मेंदू, मान, मांडी. खाटकाच्या दुकानात डुक्कर कुठून कसं कापायचं याचा तक्ता टांगलेला असतो, तोच गाडीवर उतरवला होता.

ही गंमत उगाच सुचलेली नव्हती. लांब शेपटीची ९१७ सरळ रस्त्यावर बेफाम पळायची, पण तिचा भरवसा नसायचा. आखूड शेपटीची रस्ता धरून राहायची, पण हवा तिला मागे खेचायची. दोन्हींचे गुण एकत्र यावेत म्हणून पोर्शेने पॅरिसच्या सेरा या संस्थेबरोबर ९१७/२० नावाची एकच एक गाडी बांधली. अंग इतकं रुंद झालं की चाकं आत दडली. नाक बसकं, कडा गोल. हवेचं गणित जुळलं आणि रूप मात्र गुबगुबीत झालं. पोर्शेच्या डिझाइन विभागाचा प्रमुख आनातोल लापीन ते रूप झाकायच्या फंदात पडला नाही, त्याने सरळ डुक्करच रंगवलं. पैसे लावणाऱ्या मार्टिनी कंपनीच्या मालकाला ते इतकं झोंबलं की त्याने आपलं नाव गाडीवर लावू दिलं नाही, असं सांगतात.

शर्यतीत ती सातव्या जागेवरून सुटली. रात्री पाचव्या क्रमांकावर असताना राइनहोल्ड योस्टच्या हातून आर्नाजच्या वळणावर ठोकली गेली. संपलं. जिंकली दुसरीच ९१७, आणि तिने कापलेलं ५,३३५ किलोमीटरचं अंतर २०१० पर्यंत कोणाला ओलांडता आलं नाही. पण त्या विजेत्या गाडीचा रंग विचारा, दहातले नऊ शर्यतवेडे डोकं खाजवतील. डुक्कर सगळ्यांना पाठ.

आता हा लापीन आला कुठून? जन्माने लॅटव्हियातल्या रिगाचा. युरोपात परतण्याआधी तो अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये होता आणि डिझाइनवाल्या बिल मिचेलच्या हाताखाली, लॅरी शिनोडाबरोबर, शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स गाडीवर काम करत होता. खरी मजा इथून सुरू होते.

१९५५ च्या ल माँमध्ये एक गाडी प्रेक्षकांत घुसून ८० हून जास्त माणसं मेली. त्यानंतर शर्यतींविरुद्ध सगळीकडे ओरड होती. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या मोटार उत्पादकांच्या संघटनेने ठरवलं, कंपन्यांनी शर्यतीत पडायचं नाही. मिचेलने काय करावं? कॉर्व्हेट एसएस या शर्यतीच्या गाडीची जी चाचणीसाठीची चासी (गाडीचा सांगाडा) पडून होती ती कंपनीकडून एका डॉलरला विकत घेतली. तिच्यावर नवं अंग चढवलं, नाव दिलं स्टिंग रे, आणि गाडी स्वतःच्या नावावर शर्यतीत उतरवली. अंगावर ना शेव्हरोले, ना कॉर्व्हेट. चालवायला वॉशिंग्टनचा दंतवैद्य, डॉ. डिक थॉम्पसन. आठवडाभर दाढा काढायच्या आणि शनिवार-रविवार शर्यत. १९६० मध्ये याच गाडीत त्याने आपल्या गटाचं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. मग मिचेलने तीच गाडी पॉलिश करून कॉन्सेप्ट कार म्हणून, म्हणजे विकायला नाही तर कल्पना दाखवायला, प्रदर्शनात उभी केली, आणि १९६३ ची विक्रीची स्टिंग रे तिच्यावरूनच बेतली.

मिचेल मासेमारीचा शौकीन. त्याने म्हणे एक शार्क पकडून भिंतीवर लावला होता. पुढची कॉन्सेप्ट कार माको शार्क (१९६१) हुबेहूब त्या रंगात हवी असा हट्ट. पाठ निळीकाळी, पोट पांढुरकं, मधला उतार अगदी अलगद. रंगारी पुन्हा पुन्हा रंगवत राहिले, साहेबांचं समाधान होईना. शेवटी त्यांनी एका रात्री मासाच खाली उतरवला, गाडीच्या रंगात रंगवला आणि परत टांगला. सकाळी मिचेल खूश. किस्सा किती खरा हे देव जाणे, पण जनरल मोटर्सची माणसंच तो पन्नास-साठ वर्षं सांगत आली आहेत.

मिचेलचा गुरू हार्ले अर्ल. जनरल मोटर्सने १९२७ मध्ये ‘आर्ट अँड कलर’ विभाग काढला तो याच्यासाठी. याची फायरबर्ड-१ आठवा: १९५३-५४, गॅस टर्बाइन, ३७० अश्वशक्ती, एक माणूस बसेल एवढी जागा, आजूबाजूला लढाऊ विमान. ते विमान रस्त्यावर कधी आलं नाही, पण डेटोना ५०० या शर्यतीच्या हार्ले अर्ल ट्रॉफीच्या माथ्यावर आजही तीच बसलेली आहे. म्हणजे स्टॉक कारच्या, थोडक्यात घरगुती दिसणाऱ्या गाड्यांच्या, शर्यतीच्या विजेत्याला मिळतं काय, तर कधीच न विकलेल्या गाडीचं चित्र!

माझं म्हणणं असं की कॉन्सेप्ट कार, शर्यतीची गाडी आणि गाडीवरचा विनोद हे तिन्ही एकाच खोलीतून बाहेर पडतात, कारण तिघांनाही गिऱ्हाईक सांभाळायचं नसतं. शोरूममधल्या गाडीला बायको-मुलं, डिकी, कर्जाचा हप्ता यांचा विचार असतो. या तिघांना नाही. म्हणून गाडीचा इतिहास वाचायचा तर विक्रीच्या आकड्यांपेक्षा इथे जास्त कळतो.

बोला.

---

शंकासुर

पहिला!

लेख झकास. पण शंका आहेच. गिऱ्हाईक नाही म्हणता, मग त्या टर्बाइनचा खर्च कोणाच्या खिशातून? कॉन्सेप्ट कार ही शेवटी जाहिरातच ना?

---

डेट्रॉइटची_मावशी

शंकासुरा, जाहिरात तर होतीच. अर्लला ते चांगलं ठाऊक होतं.

आमच्या मिशिगनमध्ये या विषयावर जुनी माणसं अजून तावातावाने बोलतात, म्हणून थोडं लिहिते. पहिली कॉन्सेप्ट कार म्हणून ब्यूक वाय-जॉबचं (१९३८) नाव घेतात. दिवे झाकणाऱ्या झडपा, बटणावर चालणाऱ्या काचा. अर्लने ती प्रदर्शनात ठेवून विसरली नाही, कितीतरी वर्षं रोजच्या वापराला घेतली. पुढची ल सेबर (१९५१) पावसाचा थेंब ओळखून आपलं छप्पर आपणच वर ओढायची. तीही साहेब स्वतः चालवायचे. कंपनीच्या पैशाने कंपनीच्या साहेबाची हौस, आणि वरून रस्त्यावर फुकट जाहिरात.

मग मोटोरामा. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया हॉटेलात गाण्या-नाचासह गाड्यांचा मेळा. जानेवारी १९५३ मध्ये तिथे कॉर्व्हेट दाखवली, लोक वेडे झाले, आणि जूनमध्ये फ्लिंटच्या कारखान्यातून ती निघायलाही लागली. पहिल्या वर्षी फक्त ३००, सगळ्या पांढऱ्या. म्हणजे मेळ्यातून दुकानात थेट पोचलेली गाडीही आहे बरं का, मागचं_चाक.

बाकीच्यांचं नशीब असं नव्हतं. मेळा संपला की गाडी भंगारात. चालती ठेवली तर उद्या कोणी विकत घेईल, अपघात करेल आणि दावा ठोकेल, ही भीती. पण डेट्रॉइटच्या उत्तरेला वॉरहूप्स नावाचं भंगाराचं आवार होतं. तिथे १९५० च्या दशकात चिरडायला पाठवलेल्या काही मोटोरामा गाड्या मालकाने चिरडल्याच नाहीत, दडवून ठेवल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जो बोर्ट्झ या संग्राहकाने त्यातल्या चार उचलल्या. १९५५ च्या दोन ला साल, एक शेव्हरोले बिस्केन, १९५६ ची एक कॅडिलॅक. काहींचे अक्षरशः तुकडे केलेले. ते जोडून त्या पुन्हा उभ्या राहिल्या. पाहिल्यावर मला कौतुक अर्लपेक्षा त्या भंगारवाल्याचं जास्त वाटलं.

आणि नॉर्समनचं काय झालं माहितेय? क्रायस्लरची कॉन्सेप्ट, इटलीतल्या ट्यूरिनला गिया कारखान्यात हाताने बांधलेली. समोरच्या काचेला दोन्ही बाजूंना खांबच नाहीत, छप्पर मागच्या बाजूने पुढे तोललेलं. अमेरिकेला पाठवली ती आंद्रेआ दोरिया जहाजातून. २५ जुलै १९५६ च्या रात्री नॅन्टकेट बेटाजवळ त्या जहाजाची स्टॉकहोम या जहाजाशी टक्कर झाली आणि दुसऱ्या सकाळी आंद्रेआ दोरिया बुडालं. गाडी अजून अटलांटिकच्या तळाशी आहे. प्रेक्षकाने तिला कधी पाहिलंच नाही.

---

तिरका_डोळा

+१ मावशी. भंगारवाल्याला माझाही दंडवत.

धाग्यात ‘विनोद’ म्हटलंय आणि सगळे लोखंडावरच बोलताहेत, म्हणून चित्रकारांची बाजू मांडतो.

ब्रूस मॅकॉल हे नाव इथे यायलाच हवं. कॅनडाचा माणूस, २०२३ मध्ये गेला. तरुणपणी विंडसर गावात, म्हणजे डेट्रॉइटच्या समोर नदीपलीकडे, जाहिरातींसाठी गाड्यांची चित्रं काढायचा. पुढे अमेरिकेत मर्सिडीजच्या जाहिराती लिहिल्या. आणि सत्तरच्या दशकात ‘नॅशनल लॅम्पून’ या मासिकासाठी त्याने बल्जमोबाइल नावाची कंपनीच कल्पून काढली. तिच्या १९५८ सालच्या गाड्यांची खोटी माहितीपत्रकं. क्रोमचे डोंगर, रस्ता भरून उरणारी गाडी, बाजूला दात काढून उभी सुखी माणसं. रंग, छाया, मजकुराचा तोरा सगळं अस्सल जाहिरातीचं. बाहेरच्या माणसाला हे जमत नाही. ज्याने पोटासाठी तसली चित्रं खरोखर काढली, त्यालाच जमतं.

आता खऱ्या जाहिराती बघा. १९५९ पासून पॉन्टिॲकच्या जाहिराती आर्ट फिट्झपॅट्रिक आणि व्हॅन कॉफमन हे दोघे मिळून करायचे. गाडी फिट्झपॅट्रिक काढणार, मागचा समुद्रकिनारा, हॉटेल, माणसं कॉफमन. आणि गाडी? खऱ्यापेक्षा बरीच रुंद. ‘वाइड ट्रॅक’, म्हणजे चाकांमधलं रुंद अंतर, विकायचं होतं ना! फोर्डने १९५८ मध्ये न्यूक्लिऑन नावाची प्रतिकृती दाखवली: मागच्या बाजूला छोटी अणुभट्टी, एकदा भरली की ५,००० मैल चालेल असा हिशेब. ही फोर्डची. मॅकॉलची नव्हे. दोन्ही शेजारी ठेवून नाव झाका आणि शेजाऱ्याला विचारा, चेष्टा कोणती.

म्हणून मला धागाकर्त्याच्या मुद्द्यात थोडी भर घालायचीय. तिन्ही एका खोलीतून निघतात हे बरोबर, पण त्यात शहाणा एकटा विनोदवाला. बाकीचे दोघे आपल्याच प्रेमात.

ब्रॉकबँकही असाच. हाही मूळ कॅनडाचाच, पुढे लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकाचा कला संपादक. त्याची शर्यतीवरची व्यंगचित्रं पाहा. माणसं वेडीवाकडी, गाडी मात्र नटबोल्टासकट अचूक. त्याच्यावर हसणारे बहुतेक शर्यतवालेच होते.

---

मागचं_चाक

तिरका_डोळा, बल्जमोबाइल लिहायचा मोह आवरला होता, तुम्ही कसर भरून काढलीत. एड रॉथबद्दल पण लिहा ना.

---

तिरका_डोळा

‘बिग डॅडी’ रॉथ! हा माणूस टिंगल आणि गाडी वेगळं मानतच नव्हता. कॅलिफोर्नियात गाड्यांच्या जत्रांमध्ये बसून टी-शर्टांवर राक्षस रंगवून विकायचा. त्याचा रॅट फिंक, म्हणजे डोळे बाहेर आलेला, लाळ गळणारा, माशा घोंघावणारा हिरवा उंदीर, हे मिकी माऊसला दिलेलं उत्तर होतं. आणि हाच माणूस गॅरेजमध्ये फायबरग्लासच्या गाड्या घडवायचा. बीटनिक बँडिट (१९६१): डोक्यावर पारदर्शक घुमट, आत स्टिअरिंगच नाही, एक दांडा. त्याने वळायचं, वेग घ्यायचा, थांबायचं. जनरल मोटर्सच्या फायरबर्ड-३ मध्येही असाच दांडा होता, पण तिथे त्यामागे इंजिनिअरांची फौज होती. रॉथकडे प्लास्टर, फायबर आणि उद्धटपणा. १९६८ मध्ये हॉट व्हील्सच्या पहिल्या सोळा गाड्या आल्या त्यात बीटनिक बँडिट होती. आपल्या मुलांनी खेळलेल्या कितीतरी विचित्र गाड्यांची ही पणजी.

---

गॅरेजवाला_नाना

वाचतोय. मजा येतेय. पण आता विरोध.

अमेरिकन कल्ल्यांच्या (मागे माशाच्या परांसारखे उभे पत्रे) गाड्या घेऊन तुम्ही सगळ्या कॉन्सेप्ट कारांना जोकर ठरवताय. कल्ले नुसती सजावट होती, मान्य. इटलीत काय चाललं होतं ते बघा.

आल्फा रोमिओसाठी बेर्तोनेच्या कारखान्यात फ्रँको स्कालिओने याने तीन बॅट गाड्या केल्या, १९५३, ५४, ५५. तिथे पण पंख होते, मागे वटवाघळासारखे वळलेले. पण ते हवेसाठी. बॅट-७ चा हवेचा अवरोध गुणांक ०.१९ (जितका कमी तितकी गाडी हवा सहज कापते). आज सत्तर वर्षांनी विजेच्या गाड्या बनवणारे लोक तो आकडा गाठायला घाम गाळतायत.

आणि मग मार्चेल्लो गांदीनी. लॅन्चिया स्ट्रॅटोस झीरो, १९७०, ट्यूरिनचं प्रदर्शन. उंची ८४ सेंटीमीटर. म्हणजे आपल्या जेवणाच्या टेबलापेक्षा जेमतेम चार बोटं वर. दारच नाही, समोरची काच वर उचलायची आणि आत उतरायचं. नुच्चिओ बेर्तोने ती स्वतः चालवत लॅन्चियाच्या कचेरीत घेऊन गेला, आणि फाटकाचा आडवा दांडा न उचलता गाडी खालून आत शिरली. हा विनोद कोणी रंगवलेला नाही, गाडीनेच केलेला आहे.

त्या भेटीतून जी स्ट्रॅटोस उभी राहिली ती आखूड, पाचरीसारखी, मध्यभागी फेरारीच्या डिनोचं व्ही-६ इंजिन. जागतिक रॅली अजिंक्यपद १९७४, १९७५, १९७६. सांद्रो मुनारीने तिच्यात मॉन्टे कार्लो रॅली लागोपाठ तीन वर्षं जिंकली, १९७५ ते ७७. मोठ्या कंपन्या तोवर दुकानातली गाडी घेऊन तिला रॅलीसाठी तयार करत. स्ट्रॅटोस ही रॅली जिंकण्यासाठीच जन्माला घातलेली गाडी होती. गिऱ्हाईकांना काही शे गाड्या विकल्या त्या फक्त नियमात बसावं म्हणून.

माझी कसोटी एकच. गाडी पळाली पाहिजे. न पळणारी गाडी म्हणजे पुतळा. तुमची न्यूक्लिऑन पुतळा आहे, तीही छोट्या मापाचा. स्ट्रॅटोस झीरो पळत होती. डुक्कर पळत होतं, पाचवं होतं. ते बसतं माझ्या कसोटीत.

---

शंकासुर

नाना, मग लॅम्बोर्गिनी काउंटाश? तीही गांदीनीचीच ना?

---

गॅरेजवाला_नाना

त्याचीच. जिनिव्हा, १९७१, पिवळी. तिचं काय केलं माहितेय? रस्त्यावर यायची तर टक्कर-चाचणी द्यावी लागते. कंपनीकडे पैसे कुठे होते? ती मूळ कॉन्सेप्ट कारच १९७४ मध्ये इंग्लंडात नेऊन भिंतीवर आदळली. आज तिच्या किमतीत कदाचित एखादं धरण बांधून होईल, पण त्यांनी तिला गाडीसारखं वागवलं. मला तेच आवडतं.

---

डेट्रॉइटची_मावशी

नाना, गाडी पळणं हीच कसोटी असेल तर लिंकन फ्युचुरा तुमच्याच बाजूची निघेल आणि तिरका_डोळाच्याही.

१९५५ ची कॉन्सेप्ट, बांधली ट्यूरिनला गियानेच, खर्च अडीच लाख डॉलरच्या घरात. दोन घुमट, मागे लांबलचक कल्ले, आणि चालती. मेळा संपल्यावर एका सिनेमात लाल रंगवून वापरली, मग हॉलिवूडच्या जॉर्ज बॅरिसच्या आवारात पडून राहिली. १९६६ मध्ये टीव्हीवरच्या बॅटमॅनसाठी गाडी हवी होती आणि वेळ नव्हता. बॅरिसने फ्युचुराच काळी केली, कडांना नारिंगी रेघा ओढल्या, झाली बॅटमोबाइल. ती मालिका तर उघड उघड टवाळी होती, गंभीर बॅटमॅन पुढचे. लिंकन म्हणून जिला कोणी विचारलं नाही, ती गाडी विनोदी मालिकेत शिरल्यावर जगभर ओळखली गेली. २०१३ मध्ये लिलावात ४६ लाख डॉलर.

---

कलादालन

बीएमडब्ल्यूच्या आर्ट कार विसरलात का सगळे? १९७५ मध्ये एर्वे पूलँ या फ्रेंच लिलावकर्त्याने स्वतः शर्यतीत चालवायच्या गाडीवर अलेक्झांडर काल्डरकडून रंग करून घेतला. मग स्टेला, लिक्टेनस्टाइन. १९७९ मध्ये अँडी वॉरहॉलने एम-१ गाडी २८ मिनिटांत रंगवली, आणि ती ल माँला सहावी आली.

---

तिरका_डोळा

विसरलो नव्हतो, टाळलं होतं. लिक्टेनस्टाइनच्या ठिपक्यांत थोडा खट्याळपणा आहे, बाकी गाडी कॅनव्हास म्हणून वापरलीय. डुकराचा तक्ता फक्त त्याच गाडीवर शोभतो, कारण तिचं अंगच तसं होतं. वॉरहॉलचे फटकारे ट्रकवर मारले असते तरी चाललं असतं. (हलके घ्या.)

---

कलादालन

हलकं घेतलं. पण २८ मिनिटांत तुम्ही दार तरी रंगवून दाखवा.

---

हेगकर

नेदरलँड्समधून हजेरी. सगळे डेट्रॉइट-ट्यूरिन करताहेत, पण या तिन्ही गोष्टींच्या कितीतरी आधी कलकत्त्याच्या रस्त्यावर एक हंस फिरत होता, आणि तो आता इथे हेगच्या लाउमान संग्रहालयात आहे.

१९१० च्या सुमारास कलकत्त्यात मॅथ्यूसन नावाचा एक श्रीमंत इंग्रज अभियंता राहायचा. त्याने इंग्लंडातल्या लोस्टॉफ्टच्या ब्रूक कंपनीकडून गाडी करून घेतली. पुढचा अर्धा भाग म्हणजे लाकडात कोरलेला भलामोठा राजहंस. रात्री त्याचे डोळे पेटायचे. इंजिनच्या गरम पाण्याची वाफ चोचीतून फुसकन बाहेर यायची, समोरची गर्दी पांगवायला. मागे एक्झॉस्टवर वाजणारा ऑर्गन. चाकांवर अडकलेलं हत्तीचं शेण झाडायला ब्रश. आणि कळस म्हणजे मागच्या बाजूने रस्त्यावर चुन्याचे पांढरे थेंब टाकायची सोय, कशासाठी ते सांगायला नको.

गाडी बाहेर पडली आणि कलकत्त्यात इतका गोंधळ उडाला की पोलिसांनी तिला रस्त्यावर बंदी केली. पुढे ती नाभाच्या महाराजांनी घेतली, आणि त्यांच्याकडे तिचं एक छोटं पिल्लूही तयार झालं. पिल्लू विजेवर चालणारं! मायलेकरं दोन्ही या संग्रहालयात शेजारी-शेजारी आहेत. पाहायला येणारी डच पोरं हंसाच्या मागच्या बाजूलाच जाऊन हसत उभी राहतात.

मला कायम हाच प्रश्न पडतो की त्या चुन्याच्या थेंबांवर हसत कोण होतं? मॅथ्यूसन नक्कीच. वाफेने भाजायची भीती ज्याला होती तो रस्त्यावरचा माणूस बहुधा नाही. नेटिव्हांची गंमत करणाऱ्या साहेबाचा विनोद होता तो. गाडी मात्र अप्रतिम, हे पण खरं.

---

मागचं_चाक

हेगकर, हा प्रतिसाद स्वतंत्र धाग्याच्या लायकीचा आहे. ‘हसत कोण होतं’ हा प्रश्न तर डुकरालाही विचारता येईल. तिथे पोर्शे स्वतःवर हसत होती. २०१८ मध्ये तोच गुलाबी तक्ता एका ९११ वर पुन्हा रंगवून ल माँला पाठवला आणि गाडी आपल्या गटात पहिली आली. म्हणजे आता तो कंपनीचा मानाचा रंग. विनोदाचं ब्रँडिंग झालं की त्यातला दात पडतो, असं मला वाटतं.

---

पेठेतली_पुणेकरीण

आमच्या टाटांनी पण २०११ मध्ये जिनिव्हाला पिक्सेल नावाची कॉन्सेप्ट दाखवली होती. दारं कात्रीसारखी वर, आणि वळायला लागणारी त्रिज्या फक्त २.६ मीटर. सदाशिव पेठेसाठी यापेक्षा योग्य गाडी जगात झाली नाही. आली का? नाही आली. धागाकर्त्यांचं ‘गिऱ्हाईक सांभाळायचं नसतं’ हे ऐकायला छान आहे, पण इथे गिऱ्हाईक तयार होतं आणि गाडीच आली नाही.

---

इचलकरंजीचा_मागवाला

पुणेकरीण, तुमची तरी जिनिव्हापर्यंत पोचली. आमची मीरा मुंबईच्या पुढे गेली नाही.

नवीन मंडळींसाठी: इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी स्वतःच्या डोक्याने छोटी मोटार बनवली होती. इंजिनिअरिंगची पदवी नाही. चाळीसच्या दशकाच्या शेवटापासून सत्तरच्या दशकापर्यंत ते एकामागून एक नमुने करत राहिले, आणि शेवटच्या मीराची किंमत १२ हजारांच्या आसपास ठेवायचा त्यांचा विचार होता. नॅनोच्या कितीतरी आधी. परवाने, भांडवल, सरकारी कागद यांत ते सगळं अडकलं. आमच्याकडची जुनी माणसं अजून त्या गाडीचं नाव घरच्या मुलीसारखं घेतात.

आता मला सांगा, ही कॉन्सेप्ट कार की नाही? कारण शंकररावांना तर ती विकायचीच होती. अर्लला नव्हती विकायची तरी तो म्युझियममध्ये.

---

गॅरेजवाला_नाना

माझ्या कसोटीने सांगू? मीरा पळाली. नंबरप्लेट लावून रस्त्यावर पळाली. फायरबर्डपेक्षा मी तिला वर ठेवीन. आणि तिचा प्रत्येक नमुना आधीच्यापेक्षा सुधारलेला होता, नुसता कल्ला वाढवलेला नव्हता.

---

शंकासुर

धागा भरकटायच्या आत एक. हैदराबादला ते सुधा कार म्युझियम आहे ना, के. सुधाकर यादव यांचं? बर्गरच्या आकाराची गाडी, क्रिकेट बॅटची, लिपस्टिकची, कॉम्प्युटरची. ही कॉन्सेप्ट की विनोद? आणि नाना, तुमच्या कसोटीवर? त्या पळतात का?

---

तिरका_डोळा

विनोद. शंभर टक्के. आणि माझ्या मते आपल्याकडचा एड रॉथ तोच. भंगारातून गाडी, डोक्यात खोडी.

---

गॅरेजवाला_नाना

पळतात. इंजिन, गिअर, ब्रेक सगळं आहे. यादवांनी त्यातल्या गाड्या रस्त्यावर काढून चालवूनही दाखवल्यात. जायचं असेल तर बहादूरपुऱ्यात, प्राणिसंग्रहालयाच्या जवळ. बर्गरमध्ये एकच माणूस मावतो, पोरं नेणार असाल तर भांडण होईल.